जोमानानांचा रकाना

जोमानाना इंजिन दातांनी ऐकायचे. हातभर लांबीची, वापरून गुळगुळीत झालेली सागवानी काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक चालू इंजिनवर टेकवायचं, दुसरं दाढांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फिस्सकन हसू आलं. म्हाताऱ्याने एक डोळा उघडला आणि काठी तशीच तोंडात धरून म्हणाला, "हसू नको गो. कान बोटीच्या इंजिनांनी खाल्लं. दात हायत अजून." मग काठी काढून माझ्या भावाला सांगितलं, "तिसऱ्या सिलिंडरचा वाल्व्ह नीट बसत नाय. खोल." भावाने तासभर खपून खोललं. दोष तिसऱ्याच सिलिंडरमध्ये होता. त्यानंतर मी त्या काठीला हसले नाही. नानांना मात्र पुष्कळदा हसले, आणि तेही मला.

मी वंदना. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक क्लार्क. वडील परभणीकडून दिघ्याला आले, कारखान्यात लागले, आम्ही दोघं भावंडं तिथेच वाढलो. मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि मिलिंदने डिप्लोमा केला. कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात माणसाने झोपावं, लग्नाला मुली बघाव्यात. आमच्या मिलिंदला गाड्या पळवायचं खूळ लागलं. साधंसुधं नव्हे, टूरिंग कार शर्यतींच्या राष्ट्रीय स्पर्धेचं. म्हणजे रस्त्यावर पळणारी साधी घरगुती गाडी घ्यायची, ती आतून पार सोलायची, ड्रायव्हर चेंगरू नये म्हणून लोखंडी पिंजरा बसवायचा आणि मद्रासजवळच्या ट्रॅकवर तसल्याच चौदा-पंधरा गाड्यांबरोबर गोल गोल पळवायची. आई म्हणायची, "निघाला तिथंच परत यायचं, तर जायचं कशाला?" या प्रश्नाला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

दोन सीझन मिलिंद दुसऱ्याच्या गाडीवर पळाला. मग एका वर्षी त्याने ठरवलं, येणाऱ्या सीझनला स्वतःची गाडी उतरवायची. गाडी म्हणजे कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून आणलेली, पुढून ठोकलेली एक पद्मिनी. ती टेम्पोवर टाकून त्याने करावे गावाजवळच्या जोमानानांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. तेव्हा नव्या मुंबईत रस्ते आधी झाले होते आणि माणसं मागाहून यायची होती. मोठमोठाले रस्ते, दुतर्फा गवत, मधेच एखादी सोसायटी. खाडीकडे जाणाऱ्या अशाच एका रस्त्याला नानांची शेड होती. गाडीभोवती ते तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "हिला मारला कोनी? गारी चांगली हाय. मानूस वाईट व्हता." नाना गाडीला 'गारी' म्हणत आणि होडीला 'होरी'. गावची बोलीच तशी. महिनाभरात मिलिंदही ट्रॅकच्या गोष्टी सांगताना 'गारी' म्हणायला लागला आणि आईने कपाळावर हात मारला.

नाना तेव्हा साठीच्या जवळ आले असतील. काळे, काटक, डोक्यावर पांढरे केस ताठ उभे. लहानपणापासून खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, मग जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत बावीस वर्षं काढली, कंपनी बंद पडली तेव्हा ही शेड टाकली. कमी ऐकू यायचं म्हणून स्वतः ओरडून बोलायचे. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट अर्ध्या करावे गावाला कळायची. गाडीशीही बोलायचे. नट निघत नसला की तिला समजावायचे, "सोर गो, सोर. तुजा बापूस नाय मी, पन तुजा वाईट करनार नाय." आणि नट निघायचा. मिलिंद म्हणायचा तेल सोडलं म्हणून निघाला. असेल बाबा.

गाडी हलकी करायची होती. नानांनी शिटा काढल्या, काचांच्या मुठी काढल्या, छताचं कापड काढलं, दारांच्या आतले पत्रे कापले. आणखी काय काढावं म्हणून दोघे उकिडवे बसून विचार करत. "हिला उपाशी ठेव," नाना म्हणायचे. "भरल्या पोटाचा मासा सुस्त परून ऱ्हातो. उपाशी पलतो." वजन करायला कळंबोलीच्या ट्रकच्या काट्यावर गाडी नेली. काटेवाला म्हणाला, "माल किधर है?" नाना ओरडले, "हीच माल हाय!" तो बिचारा शेवटपर्यंत गाडीच्या मागे लोखंड शोधत होता.

मला या सगळ्यात ओढलं ते इंग्रजी पत्रं टाइप करता येतात म्हणून. प्रत्येक संघाला एक मॅनेजर लागतो असा नियम होता. मिलिंद म्हणाला, "ताई, नुसतं नाव दे." मी नुसतं नाव देणाऱ्यातली नव्हे. मी स्टॉपवॉच शिकले. पिटात, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागी, उभं राहून येणाऱ्या गाडीला फळा दाखवायचा असतो: कितव्या नंबरवर आहेस, किती फेऱ्या उरल्या. सेक्टरमधला एक रस्ता अजून सुरू व्हायचा होता, तिथे रविवारी सकाळी आम्ही सराव करायचो. पहिल्याच दिवशी मी फळा उलटा धरला. मिलिंद सहाचा नऊ वाचून पुढे निघून गेला. नाना पोट धरून हसले. "मॅनिजर, तू उलटा दाखव, तो बी उलटा पलंल. मद्रासवरनं थेट घरान!"

पण मला आवडायला लागलं होतं, हे कबूल करते. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारणारी बाई मी. संध्याकाळी बस बदलून शेडमध्ये गेले की तिथे आमचं स्वतःचं काहीतरी घडत असायचं. मी मद्राससाठी रजा टाकली, ती मंजूर झाली. उन्हासाठी रुंद कडेची टोपी घेतली आणि आरशात घालून पाहिली. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात पनवेलच्या पुढे मी फक्त परभणीला गेले होते.

आणि मग आला तो प्रवेश अर्ज. सहा पानी, इंग्रजी, तीन प्रतींत. अर्ज म्हटला की माझे हात शिवशिवतात. ऑफिसात बसून मी तो भरायला घेतला. ड्रायव्हर, गाडी, इंजिन क्रमांक, सगळं झरझर भरलं. तिसऱ्या पानावर मुख्य मेकॅनिकचा रकाना होता: नाव, शिक्षण, प्रमाणपत्राचा क्रमांक. माझा हात थांबला. नाना चौथी पास. प्रमाणपत्र म्हणावं तर रेशनकार्ड. आमच्या कार्यालयात पहिला धडा असतो: रकाना मोकळा राहिला की अर्ज परत. मी स्वतः असे शेकडो अर्ज परत पाठवले होते, लाल शाईने 'अपूर्ण' लिहून. मग मी काय केलं? हुशारी केली. मुख्य मेकॅनिक म्हणून मिलिंदचंच नाव लिहिलं, त्याच्या डिप्लोमाचा क्रमांक टाकला, आणि नानांचं नाव खालच्या रकान्यात घातलं. त्या रकान्यावर छापलं होतं: हेल्पर. कागदापुरतं तर आहे, असा मी विचार केला. मिलिंदने न वाचता सह्या ठोकल्या. अर्ज गेला.

इकडे करावे गावात वेगळंच चाललं होतं. नाना कधी ट्रॅकवर गेले नव्हते. मिलिंद दुसऱ्याच्या गाडीवर होता तेव्हा तिथले मेकॅनिक दुसरे असत. या वर्षी गाडी यांची, तेव्हा हेड मेकॅनिक हेच. त्यांच्या बायकोने, हिराकाकूने, निळ्या कापडाचा शर्ट शिवून घेतला होता आणि खिशावर लाल दोऱ्याने स्वतः 'जोमा' एवढं भरलं होतं. नाना तो शर्ट घडी करून शेडच्या फळीवर ठेवायचे आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे. गावातल्या देवळात नारळ फुटला. मासळी विकायला बसणाऱ्या बायासुद्धा मला विचारायच्या, "कवा गो जानार आमचा जोमा मद्रासला?" काकू हळूच म्हणाली, "सगली जिंदगी पाना धरून गेली यांची. पयल्यांदा कोनीतरी हेड बोलला."

सीझनच्या दोन महिने आधी मद्रासहून जाड पाकीट आलं, ऑफिसच्या पत्त्यावर. आत गळ्यात घालायची तीन कार्डं. ड्रायव्हरचं लाल, मॅनेजरचं निळं आणि नानांचं मातकट. सोबत नियमांची पुस्तिका. मी सवयीने पहिल्या पानापासून वाचत गेले आणि अकराव्या पानावर थबकले. शर्यत चालू असताना हेल्परला पिटात प्रवेश नाही. त्याने मागच्या वाहनतळावर, जाळीच्या पलीकडे थांबायचं. म्हणजे नानांनी चार महिने बांधलेलं इंजिन पळणार आणि नाना ट्रकच्या बाजूला टायर राखत बसणार. मी पाकीट ड्रॉवरमध्ये घातलं आणि कुलूप लावलं. जणू कुलूप लावून काही होणार होतं.

आठ दिवस मी गप्प राहिले. जेवण जाईना. रोज शेडमध्ये जायचं, तो निळा शर्ट बघायचा, परत यायचं. शेवटी एका संध्याकाळी मिलिंद शिफ्टवर असताना मी कार्ड नानांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांना ऐकू यावं म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं. आपली लबाडी ओरडून सांगण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट जगात दुसरी नाही.

नानांनी कार्ड उलटून पालटून पाहिलं. "काय लिवलाय?"

"हेल्पर," मी म्हणाले.

"मोठ्यान बोल."

"हेल्पर, नाना!"

त्यांनी चिंधीला हात पुसले. एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "कंपनीन बावीस वरसा हाच लिवलेला, बाय. मशीन बंद परली की साहेब मना बोलवायचा. आयटीआयच्या पोरांना मी शिकवला. ती फिटर झाली. मी हेल्पर. पगाराच्या चिठ्ठीवर हेल्पर, कंपनी बंद झाली त्या दिवशीच्या कागदावर बी हेल्पर." चिंधी खांद्यावर टाकून म्हणाले, "त्या साहेबाला मी ठाऊक नव्हतो. तुला तर ठाऊक व्हतो."

सायकल घेतली आणि गेले. मी शेडमध्ये तशीच उभी राहिले. गाडीचं इंजिन बाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं, निम्मं उघडलेलं.

चार दिवस नाना आले नाहीत. मिलिंदने मला जे जे बोलायचं ते बोलून घेतलं, आईने वर आणखी बोलून घेतलं, आणि दोघांचंही बरोबर होतं. मी करावेला घरी गेले तर हिराकाकूने दारातच चहा दिला, आत बोलावलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी नाना शेडमध्ये हजर. काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागले. फक्त माझ्याशी बोलायचं बंद. मी समोर उभी असताना मिलिंदला सांगायचे, "तुज्या बहिनीला सांग, बारा-तेराचा पाना दे." मी पाना द्यायची. "तिला सांग, हा चौदा-पंधराचा हाय." एवढ्यावर आमचं बोलणं.

मी मिलिंदला म्हटलं, मी हे निस्तरते. ऑफिससमोरच्या एसटीडी बूथवरून मद्रासला फोन लावला. स्पर्धेचे सचिव फोनवर आले. आवाज सभ्य, इंग्रजी अस्खलित. मी माझ्या टाइप केलेल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण मॅडम, शिक्षणाचा रकाना मोकळा चालला असता की. आमचे निम्मे मेकॅनिक शाळेत गेलेले नाहीत. तुम्ही भरलात कशाला?"

बूथमधल्या मीटरचे आकडे पळत होते. सबंध हिंदुस्थानात तो रकाना कोणी भरला नसेल, तो मी भरला, तोही खोटा.

सचिव म्हणाले, आता याद्या छापून झाल्या आहेत. मुख्य मेकॅनिकचं नाव बदलायचं तर एकच मार्ग आहे. माहिती चुकीची दिली होती असं लेखी द्यायचं, ज्याने दिली त्याच्या सहीने. मग नाव बदलेल. मात्र चुकीची माहिती देणाऱ्या मॅनेजरला तो सीझनभर कार्ड मिळत नाही. नियम आहे. "तुम्ही विचार करा, मॅडम," ते म्हणाले. "पिटात जागा एकाला मिळेल. कोणाला, ते तुम्ही ठरवा."

विचार कसला करायचा? खरं सांगते, तरीही केला. त्या दिवशी बसमध्ये बसून मी अगदी घासाघीस केली मनाशी. नाना जाळीतून बघतील की. त्यांना तसंही ऐकू कमी येतं. मी फळा धरायला शिकले आहे, दुसरं कोण धरणार? माझी रजा मंजूर आहे. माझी टोपी. मग नानांचं ते वाक्य आठवलं, तुला तर ठाऊक व्हतो, आणि मला माझीच शिसारी आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ते पत्र टाइप केलं. जन्मात इतकं बिनचूक पत्र टाइप केलं नव्हतं. निळं आणि मातकट कार्ड त्यातच घातलं आणि रजिस्टर्ड डाकेने पाठवलं. जावक नोंदवहीत नोंद केली नाही, एवढाच काय तो नियमभंग.

आठ दिवसांनी नवीन कार्ड आलं. हिरवं. नाव जोमा, पुढे: मुख्य मेकॅनिक. शिक्षणाच्या जागी एक आडवी रेघ. मी मिलिंदला बजावलं, नानांना यातलं अक्षर सांगायचं नाही. म्हातारा हट्टी आहे, कळलं तर जायचाच नाही. नानांना सांगितलं, मद्रासवाल्यांनीच चूक दुरुस्त केली. त्यांनी कार्डावर बोट फिरवलं, गळ्यात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. आणि कितीतरी दिवसांनी थेट माझ्याशी बोलले, "फोटू काला आलाय."

"तुम्ही आहातच काळे, नाना."

"ते पन खरा," म्हणाले. समेट झाला.

मी येत नाही म्हटल्यावर मात्र पंचाईत झाली. कारण काय सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, साहेबांनी रजा नाकारली. आमचे साहेब म्हणजे देवमाणूस. कोणाला मोठ्याने 'अहो' म्हणत नसत. पण नानांनी त्यांच्यावर असा काही दात धरला की विचारू नका. "कोन हाय तो? कुठला हाय? त्याला बघतो मी," असं ते अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणायचे. गाडी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमधून ट्रकवर चढली त्या सकाळी करावेतले वीसेक लोक आले होते. नाना ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले. गाडीला एकटी सोडायला ते तयार नव्हते. अंगात निळा शर्ट, गळ्यात हिरवं कार्ड. मद्रास तीन दिवसांवर होतं, पण कार्ड त्यांनी कळंबोलीतच घातलं होतं. ट्रक हलला तेव्हा खिडकीतून ओरडले, "त्या साहेबाला सांग, मी परत येतोच!"

शर्यतीच्या रविवारी मी घरी तांदूळ निवडत बसले होते. एकच मूठ चार वेळा निवडली. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर मिलिंदचा फोन आला: गाडी पूर्ण पळाली, पंधरात सातवा. आई म्हणाली, "सातवा म्हणजे पास ना?" मी म्हटलं, पास. मग न्हाणीघरात जाऊन थोडी रडून आले. आनंद होता, आणि हेवाही होता, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी दुपारी मी टेबलावर टपाल फोडत बसले होते. ऑफिसच्या दारात आवाज झाला, "मॅनिजर कुठं बसते?" शिपाई म्हणाला, इथे मॅनेजर नाही, इथे साहेब असतात. "साहेबाला पन बघायचा हाय मना," आवाज म्हणाला. मी ताडकन उठले. नाना ट्रकमधून कळंबोलीला उतरून, घरी न जाता, थेट रिक्षाने बेलापूरला आले होते. हातात पिशवी, शर्टावर तीन दिवसांची धूळ, गळ्यात कार्ड. ते सरळ साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. मी मागे धावले, पण उशीर झाला होता. नानांनी साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, महिनाभर मी तुमाला लय शिव्या दिल्या. घरान, शेडीन, ट्रकान. तुमी काय बी केला नव्हता. माफ करा."

साहेब कधी नानांकडे तर कधी माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हरकत नाही."

मला कळलं, नानांना सगळं समजलंय. ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. "बसून शर्यत सांगता येत नाय," म्हणाले. आणि मग त्या सरकारी कार्यालयात, भर दुपारी, कपाटं आणि फायलींच्या मधे उभं राहून, त्यांनी मला बाराच्या बारा फेऱ्या सांगितल्या. त्यांच्या नेहमीच्या आवाजात. पहिलं वळण माझ्या टेबलाला, दुसरं पाण्याच्या माठाला. मिलिंदने गिअर बदलला की नानांच्या घशातून तसा आवाज निघायचा. "चौथ्या फेरीन एक लाल गारी आरवी आली. म्या बोललो, गेला. पन पोरानी अशी घेतली, अशी, भरतीच्या पान्यान होरी घेतात तशी, अंगाला अंग लावून. नववा व्हता, आठवा झाला!" टंकलेखन विभाग उठून आला. शिपाई टाळ्या पिटायला लागला. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले आणि दहाव्या फेरीला त्यांनी हळूच विचारलं, "पुढे?" नाना म्हणाले, "फला मीच धरला. सरल धरला!" आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

पुढच्या सीझनला मला कार्ड मिळालं. मी गेले, टोपी घालून. त्यानंतरही दोनदा गेले. नाना जाऊनही आता खूप वर्षं झाली. पण शर्यत म्हटली की मला मद्रासचा ट्रॅक आठवत नाही. आमचं ऑफिस आठवतं, आणि पाण्याच्या माठाला वळसा घालणारे नाना.

बारावी फेरी संपली, सगळे आपापल्या टेबलांवर परत गेले. नानांचा घसा बसला होता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. मला खाली वाकून ऐकावं लागलं.

"मी त्या गेटवरच्या साहेबाला बोललो, आमच्या मॅनिजरचा कार्ड ठेवा, ती पुढच्या खेपंला येनार. तो बोलला, तिचा नाव काटलाय, या बाबाचा नाव घालाया तिनीच काटून घेतलाय. मिलिंदनी मना मराठीन सांगितला. त्याला बी राहवला नाय." त्यांनी कार्डाची दोरी बोटाला गुंडाळली. "मंग पिटान गेलो. तिकरं परत्येक गारीच्या मागं मॅनिजरचा एक स्टूल असतो. शर्यत सुरू व्हायच्या टायमाला दुसऱ्या गारीवाला एक मानूस आमच्या स्टूलावर बसाया आला. मी हात आरवा धरला. बोललो, हा रिकामा नाय. आमची मॅनिजर बसलीय."

"त्याला मराठी कुठे कळणार, नाना?"

"नाय कलला. पन बसला बी नाय."

मी टेबलावर डोकं टेकलं आणि सगळ्या कार्यालयासमोर ढसाढसा रडले. नाना नुसते शेजारी उभे राहिले.